पावत्या आहेत, पण त्या नव्हेत

लोणी काळभोरात जून-जुलैच्या सुमारास दोन गोष्टी नेमानं येतात. एक पुण्याहून निघालेली तुकोबांची पालखी आणि दुसरा पगारदारांचा फॉर्म 16. पालखी एक मुक्काम करते आणि यवतकडे निघून जाते. फॉर्म 16 चा मुक्काम मात्र हलता हलत नाही. वारकऱ्यांसाठी कोणत्या घरातून किती भाकरी निघणार, पिठलं कुणाकडे, पाण्याचा टँकर कुणाचा, हे गावाला आठवडाभर आधीपासून तोंडपाठ असतं. त्याच माणसांना आपण वर्षभरात आरोग्य विम्याचा हप्ता किती भरला ते विचारावं. सगळे छताकडे बघतात.

पगारदारांच्या विवरणपत्राची मुदत 31 जुलै. 2025 साली सरकारनं ती मे महिन्यातच 15 सप्टेंबरपर्यंत वाढवली आणि 15 तारखेच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस दिला. एका दिवसात असं काय होणार, असं काही शहाणी माणसं म्हणाली. त्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही. आमच्याकडे सगळं काम त्या एका दिवसातच होतं, आधीचे दिवस पिशवी शोधण्यात जातात.

कायद्यानं उत्पन्नाचे पाच प्रकार केलेत: पगार, घरभाडं, धंदा, भांडवली नफा आणि इतर. आमच्या घरी यातले बहुतेक प्रकार रोज एका पंगतीत जेवायला बसतात. मी शाळेत शिकवते, धाकटे भावजी हडपसरला आयटीत आहेत, म्हणजे आम्ही दोघं पगार. सासरे, म्हणजे तात्या, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. मागच्या चार खोल्या त्यांनी विद्यार्थ्यांना दिल्यात, म्हणून ते पेन्शन अधिक घरभाडं. जिथं राज कपूरचं शेत होतं त्या राजबागेत एमआयटीचं विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हापासून गावात ज्याच्याकडे चार विटा उरल्या त्यानं एक खोली काढली. आमचे हे तेल कंपन्यांच्या डेपोवर टँकर चालवतात, म्हणजे धंदा. चुलत सासरे नाना शेती बघतात. त्यांना टॅक्स नाही, आणि ही गोष्ट ते दर जेवणाला एकदा सांगतात. राहता राहिल्या आई, म्हणजे सासूबाई. त्या इतर. त्यांच्याबद्दल पुढे बोलू, कारण त्यांच्याबद्दल आधी कुणालाच काही माहीत नव्हतं.

मी एमकॉम आहे, ही लग्न ठरताना सहज सांगितलेली गोष्ट सासरच्यांनी फारच मनावर घेतली. तेव्हापासून घरातला आकडे असलेला कोणताही कागद माझा.

हे कागद ठेवायची जागा म्हणजे तात्यांची तार. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकलेली एक जाड तार, वर आकडा, खाली लाकडाची गोल चकती. जुन्या किराणा दुकानांत बिलं टोचायला असायची तीच. घरात आलेला कागद तारेवर टोचल्याशिवाय तात्यांना अन्न गोड लागत नाही. तारेच्या तळाशी थेऊरच्या यशवंत कारखान्याची ऊसबिलं आहेत. कारखाना बंद पडून दशक उलटलं, पण बिलं ताठ आहेत. त्याच्यावर गॅसच्या पावत्या, त्याच्यावर लाईट बिलं, मध्येच माझ्या बाळंतपणाचा हॉस्पिटलचा कागद आणि अगदी वर परवाचं किराणा बिल. खालचा कागद हवा असेल तर वरचं सगळं आयुष्य उतरवावं लागतं. या तारेची एक खासियत आहे. ती कागदाच्या कुठल्याही भागातून जाऊ शकत असताना नेमकी रकमेच्या आकड्यातूनच आरपार जाते. तारीख दिसते, दुकानाचं नाव दिसतं, आभारी आहोत दिसतं. किती रुपये दिले तिथं भोक.

अलीकडची बिलं तर भोकाचीही वाट बघत नाहीत. मशीनमधून गुळगुळीत कागदावर निघणारं बिल उष्णतेनं छापलेलं असतं, शाई नसतेच. चार महिन्यांत ते फिकं होतं आणि सहा महिन्यांत पांढरंशुभ्र. आमच्याकडे अशा कोऱ्या पावत्यांचा एक गठ्ठा आहे. तात्या प्रत्येक कागद उन्हात धरून बघतात आणि "हे मिक्सरचं असावं" असं अंदाजानं सांगतात. भावजींनी यावर उपाय म्हणून फ्रिजच्या बिलाला लॅमिनेशन केलं. उष्णतेनं छापलेल्या कागदाला आणखी उष्णता दिली की काय होतं, ते आता आमच्या भिंतीवर बघायला मिळतं. संपूर्ण काळंभोर बिल, कडेनं चकचकीत प्लास्टिक. गावाच्या नावाला शोभतं, असं नाना म्हणाले.

इतकं सगळं सांभाळून ठेवावं आणि सीएनं त्यातला एकही कागद मागू नये, याला काय म्हणावं?

ह्यांचंच बघा. डिझेल, टायर, टोल, पंक्चर, ड्रायव्हरचा चहा, सगळ्याच्या चिठ्ठ्या टँकरच्या केबिनमध्ये सनशेडच्या मागे कोंबलेल्या. ब्रेक जोरात दाबला की डोक्यावर पाऊस. दरवर्षी मी त्या पिशवीत भरून सीएकडे नेते आणि ते पिशवीला हातही लावत नाहीत. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला कायद्यानं अंदाजे उत्पन्न धरायची सोय दिली आहे. मोठ्या गाडीला एकूण वजनाच्या दर टनाला महिना हजार रुपये. म्हणजे 28 टनाची गाडी असेल तर महिना 28 हजार उत्पन्न धरायचं आणि गप्प बसायचं. गाडी पळो, वर्कशॉपला उभी राहो, की लोणी फाट्यावर अडकून राहो, उत्पन्न तेवढंच. हिशेबाची वही नको, चिठ्ठी नको. "मग या चिठ्ठ्या?" मी विचारलं. "राहू द्या ताई," सीए म्हणाले, "असल्या की बरं वाटतं."

तात्यांच्या खोल्यांचंही तसंच. रंगकाम, पाण्याची मोटर, नळ, गेलेल्या ट्यूब, एका पोरानं फोडलेला कमोड, सगळ्याची बिलं तारेवर हजर. कायदा म्हणतो, दुरुस्तीबद्दल भाड्यातून सरसकट 30 टक्के वजा करा, खर्च झाला असो वा नसो. पुरावा लागतो तो फक्त ग्रामपंचायतीला भरलेल्या घरपट्टीचा. ती पावती नव्हती. तात्यांनी तार दोनदा उतरवली. 1998 ची घरपट्टी सापडली, 2003 ची सापडली. हव्या त्या वर्षाची नाही. शेवटी ती तात्यांच्या पाकिटात, विठोबाच्या फोटोमागे निघाली. महत्त्वाची म्हणून वेगळी ठेवली होती.

देणग्यांबद्दल थोडक्यात. गणेश मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या घरातल्या सगळ्या कागदांत देखण्या असतात. रंगीत गणपती, मागे अध्यक्षांचा हसरा फोटो, खाली कार्याध्यक्षांचा गंभीर. पण त्यांच्यावर सूट मिळत नाही. सूट मिळते ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर, त्यातही रोखीनं दोन हजारांपुढे दिलेली चालत नाही, आणि आता संस्थेनं खात्याच्या साइटवरून काढलेला दाखला लागतो. गणेशोत्सवात वर्गणी मागायला आलेल्या पोरांना मी हे समजावून सांगितलं. पोरं विचारात पडली. मग एक जण म्हणाला, "काकू, पाचशेच द्या मग."

नानांना टॅक्स नाही, हे मघाशी सांगितलं. 1860 साली जेम्स विल्सन नावाच्या साहेबानं आपल्याकडे प्राप्तिकर आणला तेव्हा शेतीही सुटली नव्हती. 1886 च्या कायद्यानं तिला वगळलं आणि ती सूट आजवर टिकून आहे. (कर लागू झाल्यावर महिन्याच्या आत विल्सन कलकत्त्यात वारला, हे मी जेवताना सांगितलं. "लागली असेल कुणाची हाय," आई म्हणाल्या. त्याची विसरलेली कबर पुढे शोधून काढली ती आयकर खात्याच्याच एका अधिकाऱ्यानं. खातं कुणाला सोडत नाही.) तर नाना निवांत असायला हवेत. पण घरात सगळ्यात घोर नानांनाच, कारण आठ किलोमीटर.

गावाकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. पण दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली जमीन या सवलतीत बसत नाही. पूर्वी यावर पुष्कळ वाद व्हायचे, अंतर रस्त्यानं मोजायचं की सरळ. 2013 च्या दुरुस्तीनं सांगून टाकलं, हवाई अंतर धरा. आणि 2021 साली पुणे महापालिका मांजरी, शेवाळवाडीपर्यंत येऊन उभी राहिली. "आमी जाग्याव हाये," नाना म्हणतात, "पुणं चालत आलं." नानांना जमीन विकायची नाही, कधी विकणारही नाहीत. पण संध्याकाळी गच्चीवर उभं राहून ते हडपसरच्या दिशेनं असे बघतात की तिकडून हद्द चालत येताना दिसेल. खताची, बियाण्याची, कीटकनाशकाची सगळी बिलं त्यांच्याकडे युरियाच्या रिकाम्या गोणीत आहेत. कर नाही तर ठेवता कशाला? "नाही म्हून दाखवायला नको?"

आता मुख्य प्रकरण.

भावजींच्या पगारात घरभाडं भत्ता आहे. ते राहतात स्वतःच्या घरात, आणि हे पुढचं घर आईंच्या नावावर आहे. कुणीतरी ऑफिसात सांगितलं, आईला भाडं देतो असं दाखव, सूट मिळते. भावजींनी एका बैठकीत बारा महिन्यांच्या बारा पावत्या छापल्या, प्रत्येकीवर रुपयाचं महसुली तिकीट डकवलं आणि आईंसमोर सहीला ठेवल्या. आई शेंगा निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिली पावती मोठ्यानं वाचली.

"एप्रिल महिन्याचे भाडे रुपये बारा हजार रोख मिळाले." चष्म्यावरून बघितलं. "कुठायत?"

"आई, नुसती सही कर गं."

"मिळाले लिहिलंय इथं."

"कागदावर गं. फक्त कागदावर."

"तुझ्या आज्यानं बी नुसताच अंगठा दिला होता कागदावर. ओढ्याकडचं वावर गेलं त्यात."

आईंनी बाराही पावत्या वाचल्या. एकही न गाळता. मग त्या खाली ठेवून शेंगा पुढे ओढल्या आणि म्हणाल्या, "एक लाख चव्वेचाळीस हजार. आणून दे, मग करते सही." आकडा त्यांनी मनातच केला होता. माझं एमकॉम तिथं फिकं पडलं.

मी सीएंना फोन लावला. ते म्हणाले, आईला भाडं देणं कायद्यात बसतं, पण भाडं खरंच दिलेलं पाहिजे, बँकेतून दिलं तर उत्तम, ते आईंच्या उत्पन्नात दाखवायचं, आणि वर्षाला लाखावर जात असेल तर घरमालकिणीचा पॅन द्यावा लागेल. गेल्या वर्षाच्या पावत्या विसरा. फोन स्पीकरवर होता. आईंना त्यातलं "घरमालकीण" हे नीट ऐकू गेलं.

पुढच्या एक तारखेपासून भावजी भाडेकरू झाले. आईंनी डिपॉझिट मागितलं नाही, हे त्यांचे उपकार. पण फाटक रात्री अकराला बंद होईल, मित्र जिन्यावर बसणार नाहीत, बाइक तुळशीजवळ लागणार नाही, असे मागच्या खोल्यांतल्या पोरांना लावलेले सगळे नियम पुढच्या खोलीलाही लागू झाले. भावजीही कमी नाहीत. गरम पाणी येत नाही, अशी त्यांनी लेखी तक्रार दिली. आईंनी ती तात्यांच्या तारेवर टोचली. जाऊबाईंनी तेवढ्यात काढलंच, आम्ही भाडं भरतो तर मी सगळ्या घराच्या भाकरी का थापू? आईंनी विचार केला आणि खानावळीचा दर सांगितला. तो विषय तिथंच संपला.

गंमत पुढे आहे. 2025-26 पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदारांना प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. भावजींचा पगार त्याच्या आत बसतो. आणि नव्या पद्धतीत घरभाड्याची सूट नाही, मुलांच्या फीची नाही, आरोग्य विम्याची नाही. पावती नावाच्या वस्तूचंच काही काम नाही. म्हणजे भाडं दिलं काय आणि न दिलं काय, टॅक्स शून्य. भावजींनी हे आईंना फार आनंदानं सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं. "बरं झालं की," त्या म्हणाल्या, "टॅक्स वाचला. एक तारखेला विसरू नको." भाडं चालू आहे.

पण या भानगडीत आईंचा पॅन माझ्या हाती आला होता. पॅन आहे तर त्यांची माहिती काढून बघावी म्हणून मी खात्याच्या साइटवरून त्यांचं वार्षिक माहितीपत्रक उतरवलं. 2021 पासून ही सोय झाली आहे. आपल्या नावावर कुठं व्याज जमलं, कुठं लाभांश आला, काय विकलं, सगळं खात्याला आधीच ठाऊक असतं. मग ते आपल्याला कशाला विचारतात, हा तात्यांचा प्रश्न मला कधीच सोडवता आला नाही. ती फाइल उघडायला पॅन आणि जन्मतारीख लागते. आईंची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राची तीच, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच टाकायचे. फाइल उघडली. मी आकडा वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

मुदत ठेवींवरचं व्याज 58 हजार रुपये. बँकेनं त्यातून 5800 रुपये टीडीएस कापलेला.

घर जमलं. तात्यांनी व्याजावरून मुद्दल काढलं आणि पाटावर बसले. "आठ लाख?"

आई कणीक मळत होत्या. "सव्वाआठ," म्हणाल्या.

ज्या तात्यांनी चाळीस वर्षं घरात आलेला कागद न् कागद तारेला टोचला, त्यांच्या नाकाखालून सव्वाआठ लाख रुपये एकही पावती न ठेवता बँकेत गेले होते. पैसे आले कुठून? आईंनी पिठाचे हात न धुता सगळा हिशेब तोंडी सांगितला. दोन म्हशी आणि एक गाय, डेअरीला सकाळ-संध्याकाळ घातलेलं दूध, फॅट कमी लागलं ते आठवडे, गाय आटली ते महिने, थोरलीच्या लग्नात मोडलेली ठेव, भिशीचा नंबर लागला तो दसरा. मी सगळं कागदावर मांडत गेले. शेवटी बँकेच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर साडेतीनशे रुपयांचा फरक निघाला. "ते गौरीच्या बांगड्या," आई म्हणाल्या.

तात्या गप्पच होते. नानांना मात्र जाग आली. दूध म्हणजे शेती, शेतीला टॅक्स नाही, म्हणजे वहिनीही आपल्यात, असं त्यांनी जाहीर केलं. सीएंनी फोनवर ते नाकारलं. दुधाचं उत्पन्न शेतीचं धरत नाहीत, ते व्यवसायाचं. आईंचं सगळं मिळून कराच्या मर्यादेखालीच आहे, पण ते शेतीचं नव्हे. नाना खवळले. "गवत माझ्या बांधावरचं. उसाचं वाढं माझं. कडबा माझा. शेण परत माझ्याच वावरात पडतं. मधल्या मधी गाय कशी काय धंदेवाली झाली?" सीए म्हणाले, कायद्यात तसंच आहे. रोपवाटिकेतली रोपं शेतीत धरतात, मग ती कुंडीत का वाढवलेली असेनात. नानांनी ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळी सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्या मोजत पार उरुळी कांचनपर्यंत जाऊन आले.

आईंचं विवरणपत्र भरायचं ठरलं, कारण कापलेले 5800 परत मिळणार होते. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली, पावती एकही लागली नाही. ओटीपीला मात्र दुपार गेली. आईंच्या आधारला जो मोबाइल नंबर जोडलेला, तो ह्यांचा जुना नंबर. तो फोन आता टँकरच्या ड्रायव्हरकडे, आणि टँकर इंदापूरच्या पुढे. ओटीपी पंधरा मिनिटं चालतो. ड्रायव्हरला गाडी बाजूला घेऊन थांबायला सांगितलं, त्यानं आकडे वाचले, मधला आकडा हॉर्नमध्ये गेला, पुन्हा मागवला. "वहिनी, सहा म्हणतोय मी, सहा! षटकार!" पलीकडून ओरडणं ऐकू येत होतं. झालं एकदाचं.

नव्या कायद्याचं तात्यांना वाईट वाटतं. 1961 चा कायदा जाऊन 2025 चा आला, 1 एप्रिल 2026 पासून लागू, त्यात आधीचं वर्ष आणि असेसमेंट इयर हा दुहेरी प्रकार काढून टाकला आणि एकच कर वर्ष ठेवलं. सगळ्यांना बरं वाटलं. तात्यांना नाही, कारण असेसमेंट इयर त्यांना नुकतंच कळलं होतं.

आईंच्या खात्यात परतावा जमा झाला, 5974 रुपये. मी समजावून सांगितलं, 5800 आपले आणि वरचे 174 हे सरकारनं दिलेलं व्याज, दरमहा अर्धा टक्का. सरकार आपल्याला व्याज देतं, हे ऐकून नाना उठून बसले.

"मात्र हे 174 पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावे लागतील," मी म्हटलं.

"मग पावती दे म्हणावं त्यांना," आई म्हणाल्या. "तात्यांच्या तारेला जागा आहे."